उभ्या कोकणाची वाट

कोकणात जायची आपली सवय आडवी आहे. मुंबईहून महामार्ग धरायचा, पुण्या-कोल्हापुराकडून एखादा घाट उतरायचा, नाहीतर कोकण रेल्वेच्या स्टेशनावर उतरून एसटी पकडायची. मग पश्चिमेकडे वळून आपल्या गावापर्यंत जायचं आणि रजा संपली की त्याच रस्त्याने मागे. चाकरमान्याचं कोकण असं एका रेघेचं असतं. पर्यटकाचंही तसंच, फक्त रेघेच्या टोकाला घराऐवजी समुद्राकाठचं हॉटेल असतं. मुरूड-हर्णैला नेमाने जाणारी कुटुंबं गुहागरला एकदाही गेलेली नसतात, गणपतीपुळ्याला दरवर्षी जाणाऱ्यांनी विजयदुर्ग पाहिलेला नसतो. अंतर फार नाही. पण मधे खाडी आहे, आणि खाडी आली की आपला रस्ता संपतो.

पूर्वी असं नव्हतं. या किनाऱ्याचा मुख्य रस्ता समुद्रातून जायचा, आणि तो उत्तर-दक्षिण होता. गलबतं, मचवे आणि पुढे आगबोटी मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत खाली जात. बोट दूर समुद्रात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या आठवणीने कोकणातली घरं अजून हळहळतात. पुढे बोटी बंद पडल्या, महामार्ग आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बऱ्याच आतून गेली, आणि उभं कोकण लोकांच्या प्रवासातून निघून गेलं. नकाशात किनारा सलग राहिला, माणसांच्या अनुभवात त्याचे तुकडे झाले.

हे तुकडे पुन्हा जोडून पाहणारी माणसं गेल्या काही वर्षांत दिसू लागली आहेत. अलिबागपासून तेरेखोलपर्यंत, उजव्या हाताला समुद्र ठेवून, सायकलने जाणारी. त्यांच्या लेखनाचा हा संग्रह आहे. किनाऱ्याने सायकल चालवणं हा व्यायाम आहे, सुट्टी घालवण्याचा एक चांगला मार्ग आहे, हे खरंच. पण माझ्या मते त्याचं मोठेपण वेगळं आहे. बोटी बंद झाल्यापासून कोकण लांबीने पाहायची जी रीत मोडली होती, ती सायकलने परत आणली.

हे सायकललाच का जमलं, याचं उत्तर कोकणाच्या जमिनीत आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर रुंदीची. तिच्यातून नद्या थोड्या अंतराअंतराने समुद्राला मिळतात आणि प्रत्येकीच्या मुखाशी खाडी तयार होते. उत्तरेकडून मोजत गेलं तर कुंडलिका, मग राजपुरीची खाडी, सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, राजापूरची खाडी, वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल. दोन खाड्यांच्या मधे जांभ्या कातळाचा सपाट माथा, म्हणजे सडा. कुठे साठ मीटर उंच, कुठे दीडशे. त्यामुळे समुद्राकाठचा रस्ता सपाट असेल असं समजून आलेल्या माणसाची पहिल्याच दिवशी परीक्षा होते. ऐंशी किलोमीटरच्या दिवसात हजाराच्या आसपास मीटर चढ सहज जमा होतो, आणि तोही लहान लहान, तिखट चढांनी.

एक तुकडा जवळून पाहू. पावसहून दक्षिणेला निघालं की पूर्णगडच्या उतारावर मुचकुंदीची खाडी समोर येते. डावीकडे खारफुटी, पाण्यात रोवलेले जाळ्यांचे खुंट. पूल ओलांडला की गावखडी: सुरूचं बन, त्यामागे पुळण, जिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातून रस्ता गडग्यांच्या मधून जातो. इथे तो इतका अरुंद आहे की समोरून रिक्षा आली तर पाय टेकून बाजूला उभं राहावं लागतं. मग चढ लागतो. एक-दीड किलोमीटरचाच, पण वळणावर आतल्या बाजूने गेलात तर पुढचं चाक उचललं जाईल इतका उभा. कडेला जांभ्याची लाल माती, तिच्यावर चाक गेलं की मागचं टायर घसरतं. माथ्यावर आल्यावर झाडी एकदम संपते. उघडा सडा, कातळावर वाळलेलं गवत, मधे चिऱ्याच्या खाणी, लांबवर हापूसच्या बागा. याच सड्यावर कशेळीचं ते कातळशिल्प आहे: सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी. ज्यांनी तो कोरला त्यांच्याविषयी आपल्या हाती फार थोडं आहे. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावरून पुन्हा उतार, कनकादित्याचं देऊळ, पुन्हा वाडी, पुढे पुन्हा खाडी. खाडी, वाडी, चढ, सडा, उतार, पुळण: अलिबागपासून रेडीपर्यंत हेच आवर्तन चालू राहतं. गाडीत बसलेल्याला ते कळत नाही, कारण त्याच्यासाठी चढ आणि उतार दोन्ही सारखेच असतात.

इतिहासही याच आवर्तनात बसलेला आहे. किनाऱ्यावरचे किल्ले पाहा. कोर्लई आणि रेवदंडा कुंडलिकेच्या मुखाशी, जंजिरा राजपुरीच्या, बाणकोट सावित्रीच्या, गोपाळगड वाशिष्ठीच्या, जयगड शास्त्रीच्या, पूर्णगड मुचकुंदीच्या, विजयदुर्ग वाघोटणच्या. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरून महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण अशा आतल्या बंदरांत यायचा आणि भरती-ओहोटी साधून होड्यांनी खाडीच्या तोंडाशी जायचा. तोंड ज्याच्या ताब्यात, जकात त्याची. शाळेत हे किल्ले आपण सनावळीने शिकतो. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्याचं आरमार जाळलं. सनावळी पाठ होते, पण किल्ला तिथेच का बांधला हे डोक्यात उतरत नाही. सायकलवर, दिवसातून दोनदा सड्यावरून खाडीत उतरून पलीकडे चढताना, ते कोणी समजावून न सांगता कळतं. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रातले किंवा समुद्राकाठचे. या चौघांना एका सलग प्रवासात पाहिल्यावर आरमार म्हणजे काय याची कल्पना येते.

आणि किल्ल्यांपलीकडेही हा किनारा फार जुना आहे. ज्या चौलचा उल्लेख ग्रीक लेखनात आहे, जिथे पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफानासी निकितीन उतरला, ते आज नारळीच्या आगरांत झाकलेलं शांत गाव आहे. कोर्लईत अजूनही पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली घराघरांत बोलली जाते. दाभोळच्या शाही मशिदीचे मिनार खाडीकाठी उभे आहेत. वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. मालगुंडला केशवसुत जन्मले, शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि तिथल्याच शाळेत वि. स. खांडेकर शिकवत होते. ही यादी वाढवत नेता येईल; संग्रहातले लेखक ती आपापल्या वाटेने वाढवतातच.

आता सायकलच्या बाजूने. नव्या वाचकाला या छंदाची घराणी ठाऊक असलेली बरी, म्हणजे पुढचे लेख वेगवेगळ्या सुरांत का आहेत ते कळेल.

आज आपण ओळखतो ती सायकल, म्हणजे दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचं चाक फिरवणारी, १८८५ च्या ‘रोव्हर’पासून रुळली. १८८८ साली डनलॉपने हवेचं टायर आणलं आणि खडबडीत रस्त्यावर दिवसभर बसणं माणसाला शक्य झालं. त्याआधीच, १८७८ मध्ये, इंग्लंडात सायकलने भटकणाऱ्यांचा क्लब निघाला होता. धोकादायक उतारांवर पाट्या लावणं आणि चांगल्या रस्त्यांसाठी सरकारच्या मागे लागणं ही कामं मोटारी येण्याच्या आधी सायकलवाल्यांनी केली. इंग्लंडच्या कुंपणांमधल्या गाववाटा हिंडण्याची जी परंपरा पुढे वाढली, तिचं मूळ इथे आहे.

फ्रान्समध्ये दोन प्रवाह एकमेकांसमोर उभे राहिले, आणि तो वाद मला आजही महत्त्वाचा वाटतो. १९०३ मध्ये ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारा आंरी देग्रांज हा शर्यतीचा माणूस. गिअर बदलणारी यंत्रणा ही दुर्बळांची सोय आहे असं त्याचं मत होतं, आणि १९३७ पर्यंत त्याच्या शर्यतीत डिरेलरला बंदी होती. समोर सेंट एतियेनचा पॉल द व्हिवी, ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहिणारा. त्याचं म्हणणं उलट: अनेक गिअर घ्या, दमण्याआधी थांबा, भूक लागण्याआधी खा, आणि फुशारकीसाठी पायडल मारू नका. कोकणातला कुठलाही चढ व्हेलोसिओच्या बाजूने साक्ष देईल. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे ३२ किंवा ३४ दातांची मोठी दातेरी असलेली सायकल घेऊन आलेला माणूस सड्यावर बोलत बोलत पोचतो. शर्यतीच्या गिअरवर आलेला तरुण मात्र तिसऱ्या चढाला उतरून ढकलत असतो.

या दोघांच्या मधून रँदोनेअरांचा पंथ निघाला. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस आज बाराशे किलोमीटरची, नव्वद तासांच्या मुदतीची, क्रमांक न देणारी सवारी आहे. तिच्या पात्रतेसाठीचे ब्रेव्हे आता भारतभर होतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, मदतीला गाडी नाही, पंक्चर आपणच काढायचं. महाराष्ट्रात या पंथाने गेल्या दीड दशकात मोठी माणसं तयार केली. डॉक्टर, बँकेतले अधिकारी, गृहिणी, ज्यांनी चाळिशीनंतर पहिल्यांदा पहाटे तीनला उठून हायवेवर सायकल काढली. नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आरपार जाणाऱ्या ‘रॅम’ शर्यतीत यशस्वी झाले, पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये एकटी पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, त्यामागे ही हवा होती.

पण आपल्याकडे सायकलने लांब जाण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून काही पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. गिअर नसलेल्या सायकली, इराणचं वाळवंट. मराठी वाचकाला त्यांची नावं अजून फारशी माहीत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

शर्यत आणि ब्रेव्हे यांच्यानंतरचं तिसरं घराणं सामान लादून सावकाश जाणाऱ्यांचं. कॅरिअरला दोन पिशव्या, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, दुपारी देवळाच्या सभामंडपात झोप. या संग्रहातले बहुतेक लेखक या घराण्यातले आहेत आणि मीही त्यांच्याच बाजूचा. ब्रेव्हेची शिस्त मला मोलाची वाटते, पण घड्याळाकडे डोळे असले की केळशीच्या वाळूच्या टेकडीशी थांबून तिचे थर पाहता येत नाहीत. आणखी एक घराणं आहे, ज्याला कोणी घराणं म्हणत नाही. पहाटे बंदरावर मासळी घ्यायला येणारे, टपाल वाटणारे, शासनाच्या योजनेत मिळालेल्या सायकलवर चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या मुली. किनाऱ्याचा रस्ता रोज वापरणारे सायकलस्वार हेच. त्यांच्यावरचे दोन लेख संग्रहात घ्यायचा आग्रह मी धरला होता आणि संपादकांनी तो मानला.

हे पुस्तक आताच का, याचं उत्तर खाड्यांवर उभं राहतंय. रेवस ते रेडी असा किनाऱ्यालगतचा सलग रस्ता व्हावा, हा ध्यास बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासूनचा, म्हणजे १९८०-८२ पासूनचा. तुकड्यातुकड्यांनी रस्ता झाला, पण मोठ्या खाड्या राहिल्या. म्हणून अगारदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी फेरीबोट हाच रस्ता झाला. सायकलस्वाराला या फेऱ्या म्हणजे प्रवासातली हक्काची विश्रांती. बोटीची लोखंडी फळी धक्क्याला टेकते, आधी उतरणारे उतरतात, मग मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, शेवटी आपली सायकल कठड्याला टेकवून उभी करायची. ओल्या पत्र्यावर पायडलमध्ये अडकवायचे क्लीटचे बूट घसरतात, म्हणून जाणकार आधीच चपला घालतात. मग दहा-पंधरा मिनिटं समुद्रातून कोकण दिसतं, जसं बोटीच्या उतारूंना दिसत असे.

आता या खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत, रस्ता रुंद होणार आहे. पूल झालेच पाहिजेत. रात्री बाळंतीण अडली आणि फेरी बंद आहे, किंवा पावसाळ्यात वळसा घालून इस्पितळ गाठायचं आहे, हे ज्यांना सोसावं लागतं त्यांच्यापुढे आमच्या विश्रांतीच्या गोष्टी कोणी करू नयेत. पण रुंद रस्ता गावाच्या बाहेरून जावा, आतली गाववाट, धक्के, गडगे जागेवर राहावेत, आणि नव्या पुलावर पायी चालणाऱ्यासाठी व सायकलसाठी वेगळी पट्टी असावी, एवढं मागणं रास्त आहे. ते मागायची वेळ आराखडे कागदावर आहेत तोवरच असते. शिवाय प्रश्न पुलांपुरता नाही. जैतापूर, बारसू ही नावं प्रकल्पांच्या वादांमुळे गेल्या काही वर्षांत बातम्यांतच जास्त ऐकू येतात. सडा म्हणजे ओसाड पडीक जमीन, हा समज त्या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे. पावसाळ्यात त्याच कातळावर किती फुलं येतात, किती पाणी मुरतं, गुरं कुठवर चरतात हे ज्याने सायकलवरून बघितलं आहे, तो त्याला ओसाड म्हणणार नाही.

संग्रहाची मांडणी उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. त्याला वाऱ्याचाही आधार आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारे सुटतात, दुपारी खारे वारे उलटतात आणि ते बहुधा वायव्येकडून येत असल्यामुळे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी राहतात. लेखकांना एकच सूचना होती: किती किलोमीटर झाले यापेक्षा रस्ता कसा आहे ते लिहा. त्यामुळे कोणी एका खाडीवरच थांबलं आहे, कोणी हर्णैच्या मासळी लिलावावर, कोणी वेळासच्या कासवांवर, कोणी नुसत्या चढांवर. एक लेख पूर्णपणे साखळीविषयी आहे, आणि खाऱ्या हवेत ती रोज पुसून तेल का द्यावं लागतं हे त्याच्याइतकं नीट मराठीत कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही. ओहोटीला दिवेआगर किंवा गुहागरच्या घट्ट पुळणीवरून सायकल नेण्याचा मोह होणाऱ्यांनी तो लेख आधी वाचावा. मुक्कामांची यादी आणि फेरीबोटींच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या हंगामानुसार बदलतात. त्या धक्क्यावर विचाराव्यात, पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच.

वसई, केळवे, डहाणूचा उत्तरेकडचा किनारा या पुस्तकात नाही. तिथल्या वाटा वेगळ्या, वाडवळांची आणि ईस्ट इंडियनांची गावं वेगळी, मुंबईच्या वाढीचा ताणही वेगळा. त्याच्यासाठी लेखक शोधणं सुरू आहे.